नाव, गाव आणि आकडा : हुंडीपासून बँकेच्या संकेतांकापर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते ते गुरुजी गणित शिकवीत असत. मी आयुष्यभर मराठी शिकवली. तेव्हा त्यांचा आकडा आणि माझे अक्षर जेथे एकत्र नांदतात असा एखादा विषय आज निवडावा, असे मनात आले. असा विषय प्रत्येकाच्या घरात, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. खातेक्रमांक, त्याखाली नऊ अंकांचा एक संकेतांक आणि अकरा अक्षरांचा दुसरा. आपल्यातील बहुतेकांचे निवृत्तिवेतन याच खुणांच्या आधारे घरी येते, आणि परदेशी असलेल्या मुलांचे पैसेही. परंतु या खुणा काय सांगतात, त्या का निर्माण झाल्या आणि त्यांच्यापूर्वी त्यांचे काम कोण करीत होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. भाषेच्या अभ्यासकाला या इतिहासात जे दिसले ते सांगावे, एवढाच माझा हेतू आहे.

१. दोन भक्तकथा

आरंभ दोन परिचित कथांनी करू. पहिली आपल्या या गुजरात भूमीतली. जुनागढच्या नरसी मेहतांकडे द्वारकेस निघालेले यात्रेकरू आले. वाटेत चोरांचे भय, म्हणून रोकड येथे ठेवून द्वारकेच्या पेढीवर हुंडी घ्यावी, असा त्यांचा विचार. गावातल्या टवाळांनी चेष्टेने त्यांना या निष्कांचन भक्ताकडे पाठविले. नरसी मेहतांनी पैसे घेतले, साधुसंतांवर खर्चून टाकले आणि द्वारकेच्या 'शामळशा शेठ' यांच्या नावे हुंडी लिहून दिली. यात्रेकरूंनी द्वारकेचा सारा बाजार पालथा घातला, पण या नावाची पेढी कोणास ठाऊक नव्हती. अखेर भगवान स्वतः शेठजीच्या वेषात प्रकट झाले आणि हुंडीचे रुपये मोजून गेले. आपल्या वडोदऱ्याच्या प्रेमानंदाने सतराव्या शतकात या प्रसंगावर 'हुंडी' नावाचे आख्यानच रचले आहे.

दुसरी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे लोकांना खुली केली. बेदरच्या दरबारात धान्याच्या किमतीचा जाब देण्याची वेळ आली, तेव्हा विठोबा विठू महाराच्या रूपाने तेथे गेला, त्याने पैसे भरले आणि दामाजींच्या नावे रसीद घेतली.

भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवून या कथांकडे व्यवहाराच्या दृष्टीने पाहावे. पहिल्या कथेतला पेच नावाचा आहे. कागद खरा, लिहिणारा खरा, पण ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याची ओळख बाजारात पटत नाही. दुसऱ्या कथेत पैसे आणणारा कोण, याला महत्त्व नाही. रक्कम कोणाच्या खाती जमा करावयाची एवढे स्पष्ट असले की काम भागते. पैसा दूर पाठविण्याच्या सर्व पद्धती या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी उभ्या असतात. काही नावावर चालतात, काही खात्यावर. आपल्या हयातीत हा तराजू एका बाजूने दुसऱ्या बाजूला कसा झुकला आणि अलीकडे थोडा परत कसा आला, हे मला आज मांडावयाचे आहे.

२. हुंडीची भाषा

हुंडीसंबंधी एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी. हुंडीने रोकड जात नसे, शब्द जात असे. पुण्याच्या सराफाने काशीच्या आडत्यास लिहावे की या कागदाच्या बदली अमुक रुपये द्यावेत, आणि काशीच्या आडत्याने आपल्या कीर्द-खतावणीत पुण्याच्या पेढीच्या नावे ते मांडावेत. पुढे उलट दिशेने दुसरी हुंडी आली की दोन्ही रकमा एकमेकींत वळत्या होत, आणि शिल्लक राहील तेवढ्याचीच देवघेव करावी लागे. या सेवेबद्दल जे द्यावे लागे ती हुंडणावळ. आजचा कोणताही बँकव्यवहार मुळात असाच आहे. दोन वह्यांत दोन नोंदी होतात, आणि त्यांना जोडणारा एक विश्वासार्ह निरोप लागतो.

निरोप खरा आहे हे ओळखावे कसे, यासाठी सराफांनी जी भाषा घडविली ती पाहिली म्हणजे त्यांच्या चातुर्याचे कौतुक वाटते. पाहताक्षणी पटवावयाची ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी पटवावयाची ती मुदती. ज्याचे नाव लिहिले असेल त्यालाच द्यावयाची ती नामजोग. माल सुखरूप पोहोचला तरच जिचे पैसे द्यावयाचे ती जोखमी. यांत सर्वांत महत्त्वाची ती शाहजोग. तिचे पैसे वाटेल त्या हुंडी आणणाऱ्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शाहा'च्या हातूनच ती पुढे यावी लागे, आणि पुढे हुंडी खोटी निघाली तर ते पैसे व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर राही. म्हणजे ओळख पटविणारा आणि नुकसान सोसणारा माणूस एकच होता. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवू, कारण शेवटी मला याच मुद्द्याकडे यावयाचे आहे.

रक्कम लिहिण्याची पद्धतही अशीच सावध होती. शंभर रुपयांची हुंडी असेल तर आकड्यात शंभर लिहून, त्याचे निमे पन्नास आणि त्याचे दुप्पट पुरे शंभर, असे अक्षरी लिहीत. एखाद्याने एक शून्य वाढविले तर निमे जुळणार नाही. हुंडी गहाळ झाल्यास तिची दुसरी प्रत 'पेठ' आणि तीही हरवल्यास तिसरी 'परपेठ' म्हणून लिहून मिळे. पैसे चुकते झालेल्या हुंडीला 'खोका' म्हणत, म्हणजे एकच हुंडी दोनदा पटण्याची भीती उरत नसे. शिवाय ज्याच्यावर हुंडी काढली त्याला आगाऊ सूचनेचे पत्र वेगळे जाई. २०२१ च्या जानेवारीपासून मोठ्या रकमेच्या धनादेशांचा तपशील खातेदाराने बँकेला आधी कळवावा, अशी सोय आपल्याकडे सुरू झाली. तिचे पूर्वरूप हेच आगाऊ सूचनेचे पत्र होय.

आणि सर्वांवर कडी म्हणजे अक्षराचे वळण. पेढीच्या मुनिमाला समोरच्या पेढीवरच्या गुमास्त्याचे हस्ताक्षर, त्याची मोडी किंवा महाजनी वळणे ओळखू येत. भाषा आणि लिपी हीच तेथे ओळखीची साधने होती. इंग्रज सरकारने १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांत लिहिलेल्या दस्तऐवजांबाबतच्या स्थानिक रूढींना या कायद्याने बाध येणार नाही, असे पहिल्याच कलमात नमूद करावे लागले. कोणत्या भाषेत लिहिले आहे यावरून एखाद्या दस्तऐवजास वेगळा नियम लावावा, असे उदाहरण कायद्याच्या इतिहासात विरळाच असावे.

३. बडोद्याची पेढी आणि बडोद्याची बँक

आपल्या शहरात ही परंपरा भरभराटीस आली होती. हरिभक्ती आणि मैराळ यांसारख्या पेढ्या गायकवाडी दरबाराला कर्ज देत, फौजेचा पगार भागवीत आणि दूरदूरच्या बाजारांवर हुंड्या काढीत. बडोद्याचा स्वतःचा बाबाशाही रुपया होता आणि इंग्रजी मुलखात कलदार रुपया चाले. दोहोंचा भाव एक नव्हता. म्हणून येथून मुंबईस पैसे पाठविणे म्हणजे अंतराबरोबर नाण्याचाही वटाव मोजणे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बाबाशाही नाणे चलनातून गेले आणि सराफाच्या कामाचा एक मोठा भाग त्याच्याबरोबर संपला.

याच काळात महाराजा सयाजीरावांनी दोन गोष्टी केल्या. १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व राज्यात लागू केले, आणि २० जुलै १९०८ रोजी मांडवीत बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. या दोहोंत केवळ दोन वर्षांचे अंतर असावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. पेढीला ओळखीचा माणूस पुरे होता. बँकेला सही करता येणारा, पावती वाचता येणारा खातेदार हवा होता. हुंडीच्या जगात पत ही घराण्याची, जातीची आणि बाजारातल्या नावाची असे. शाळामास्तराची विधवा कधी शाहजोग ठरली नसती. बँकेच्या वहीत मात्र तिचेही एक खाते आणि त्याला एक क्रमांक असू शकत होता. जुन्या व्यवस्थेचा गौरव करताना ही बाजू विसरता कामा नये.

४. पोस्टमन, पिनकोड आणि चुंबकीय शाई

ज्यांची पेढीवर पत नव्हती त्यांच्यासाठी १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरणगावातून कोकणातल्या आणि घाटावरच्या हजारो घरांचे संसार मनीऑर्डरींवर चालले. येथेही नाव आणि गाव हेच आधार होते, पण ओळख पटविण्याचे काम आता पोस्टमनकडे आले. तो दारात येई, म्हातारीला नावाने हाक मारी, साक्षीदारासमोर अंगठा घेई, आणि कुपनावरचे चार शब्द वाचून दाखवी. बँकांमध्येही तारेने पैसे पाठविताना ओळखीची स्वतंत्र युक्ती होती. तारेत एक गुप्त आकडा असे. तारीख, रक्कम इत्यादींवरून दोन्ही शाखांकडच्या गुप्त तक्त्यांनुसार तो काढावा लागे, आणि तो जुळला तरच पैसे दिले जात. आपल्यातील जुन्या बँक-कर्मचाऱ्यांना 'टेस्ट जुळली का?' हा प्रश्न आठवत असेल.

पत्रे वाढली, शहरे वाढली, आणि गावांच्या नावांनी टपालखाते हैराण झाले. एकाच नावाची अनेक गावे, त्यांत निरनिराळ्या लिपी आणि वर्णलेखनाचा मनस्वीपणा. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर. ते टपालखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते, कोकणातले मराठी गृहस्थ होते आणि संस्कृतातले कवी व नाटककार होते. शब्दांत रमणाऱ्या कवीनेच शब्दांच्या गोंधळावर आकड्याचा तोडगा काढावा, यात विसंगती नाही. नाव किती परींनी बिघडू शकते हे भाषेच्या उपासकाइतके कोणाला कळणार?

आपल्यासारख्या परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तर हे अनुभवाने ठाऊक आहे. 'गायकवाड' हे एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम लावतो. येथील शेजारी आडनाव आधी लिहितात. एका कचेरीत एक नाव, दुसरीत दुसरे, आणि तीच व्यक्ती दोन ठरते. आकडा मात्र मराठीत वाचा, गुजरातीत वाचा किंवा कानडीत वाचा, तोच राहतो.

वेलणकरांच्या योजनेचा धागा बँकांच्या व्यवहारातही शिरला. १९८० च्या दशकात धनादेशांची छाननी यंत्राने होऊ लागली. त्यासाठी धनादेशाच्या तळाशी चुंबकीय शाईने नऊ अंकी संकेतांक छापू लागले. त्यातले पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. शहराचे तीन अंक सामान्यतः पिनकोडाचेच पहिले तीन असतात. आपल्या वडोदऱ्याचे ३९०, तर मुंबईचे ४००. मधले ०१२ हे अंक बँक ऑफ बडोदाचे. पूर्वी मुनीम हस्ताक्षर पाहून जे ओळखीत असे ते आता यंत्र शाईतील चुंबकत्वावरून ओळखू लागले.

५. अकरा अक्षरे

एकविसाव्या शतकाच्या आरंभी कागदच मागे पडला. रिझर्व्ह बँकेने मार्च २००४ मध्ये आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी ही व्यवस्था सुरू केली. दोहोंतला भेद हुंडीच्या भाषेत सहज सांगता येतो. आरटीजीएसमध्ये प्रत्येक हुंडी आली की तिचे पैसे तत्क्षणी स्वतंत्रपणे चुकते होतात. मोठ्या रकमांसाठी ही पद्धत आहे आणि तिची किमान मर्यादा दोन लाख रुपये. एनईएफटीमध्ये थोड्या थोड्या अवधीने निरोपांचा गठ्ठा बांधतात, बँकांच्या परस्पर रकमा एकमेकींत वळत्या करतात आणि उरलेल्या शिलकीची फेड करतात. पुणे-काशीच्या सराफांची वळतीची रीत ती हीच. पूर्वी ही कामे बँकेच्या वेळेत होत. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालते.

या निरोपांना शाखेचा पत्ता लागतो. तो पत्ता म्हणजे आयएफएससी हा अकरा अक्षरांचा संकेतांक. पहिली चार रोमन अक्षरे बँकेची. बँक ऑफ बडोदासाठी ती बी, ए, आर, बी अशी आहेत. पाचवे स्थान पुढील गरजेसाठी राखून ठेवलेले असून तेथे नेहमी शून्य असते. अनेकजण तेथे 'ओ' हे अक्षर लिहितात आणि निरोप अडतो. उरलेली सहा स्थाने शाखेची. स्टेट बँकेच्या संकेतांकात तेथे शाखेचा क्रमांक येतो, तर बडोदा बँकेच्या अनेक संकेतांकांत गावाच्या किंवा वस्तीच्या नावाची अक्षरे ओळखू येतात. नावाचा असा पुसटसा ठसा पाहून मला बरे वाटते.

संकेतांकही चिरंजीव नसतो. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक बडोदा बँकेत विलीन झाल्या, आणि १ मार्च २०२१ पासून त्या दोन बँकांचे जुने संकेतांक बंद झाले. बँक बदलली नाही, शाखा हलली नाही, तरीही कित्येक खातेदारांचा पत्ता असा एका दिवसात जुना झाला. म्हणून जुन्या कागदावरून संकेतांक उतरवून घेऊ नये. ताज्या पासबुकावरून किंवा बँकेकडून घ्यावा.

परदेशचा पैसा वेगळ्या संकेतांकाने येतो. १९७३ मध्ये १५ देशांतील २३९ बँकांनी मिळून बेल्जियममध्ये स्विफ्ट ही संस्था स्थापन केली. तिचे संकेतांक आठ किंवा अकरा अक्षरांचे असतात. त्यांत चार अक्षरे बँकेची, दोन देशाची, दोन स्थळाची आणि हवी असल्यास तीन शाखेची. भारताची अक्षरे आय आणि एन. स्विफ्टने पैसा जातो असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तेथूनही निरोपच जातो. बँकांची एकमेकींकडे खाती असतात आणि त्यांत जमा-नावे होते. थेट हुंडीसारखे. अमेरिकेत १९१० पासून नऊ अंकी क्रमांक आहे, ब्रिटनमध्ये शाखेसाठी सहा अंकी, आणि युरोपात देश, बँक व खाते एकत्र गुंफणारा आयबॅन. या आयबॅनमध्ये देशाच्या अक्षरांनंतर येणारे दोन अंक सर्वांत बोधप्रद आहेत. बाकीच्या सर्व अक्षर-अंकांवर ठरावीक गणित केले की ते मिळतात. एखादा अंक चुकला किंवा दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले, तर गणित जुळत नाही आणि यंत्र निरोप नाकारते. सराफ लिहीत असे ते निमे हेच काम करीत होते. आपल्या देशातील बँकांनी आयबॅन स्वीकारलेला नाही, आणि आयएफएससीत असा पडताळ्याचा अंक नाही. खातेक्रमांकाची लांबीही बँकेगणिक वेगळी असते.

६. नावाचे जाणे आणि परत येणे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. इलेक्ट्रॉनिक निरोप वाढले तेव्हा एक अडचण उभी राहिली. निरोपात लाभार्थीचे नाव आणि खातेक्रमांक दोन्ही असत, पण नावांचे वर्णलेखन जुळत नसे. प्रत्येक नाव माणसाने तपासावयाचे तर विलंब अटळ. तेव्हा रिझर्व्ह बँकेने ठरविले की जानेवारी २०११ पासून आलेली रक्कम केवळ खातेक्रमांकाच्या आधारे जमा करता येईल, आणि अचूक क्रमांक देण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची राहील. नाव लिहावयाचे, पण ते जुळलेच पाहिजे असे नाही. दामाजीपंतांच्या दरबारातला न्याय पूर्णपणे लागू झाला. खाते तेवढे महत्त्वाचे.

या निर्णयाने वेग आला, हे निर्विवाद. परंतु त्याचबरोबर एक मोठे स्थित्यंतर झाले. शाहाकडे, मुनिमाकडे, पोस्टमनकडे असलेले ओळखीचे काम आता पैसे पाठविणाऱ्या सामान्य माणसाकडे आले. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे पाठविले. नाव बरोबर, शाखेचा संकेतांक बरोबर, खातेक्रमांकातले दोन अंक मात्र उलटे. तेवढ्याने रक्कम एका अनोळखी खात्यात गेली. ती परत मिळविण्यासाठी त्या खातेदाराची संमती हवी होती. सात महिने त्या बाई या खिडकीवरून त्या खिडकीवर जात राहिल्या. शस्त्रक्रियेसाठी बांगड्या मोडाव्या लागल्या. हुंडीच्या काळात असे झाले असते, तर ज्याने ओळख पटविली त्या शाहाला धरता आले असते. येथे धरावे असा कोणीच नव्हता.

नावाची किंमत जगाला एका विलक्षण प्रसंगाने कळली. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेत शिरून तिच्या नावे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला स्विफ्टचे निरोप धाडले. जवळजवळ ९५ कोटी डॉलर पळविण्याचा त्यांचा बेत होता. संकेतांक बरोबर होते, यंत्राच्या दृष्टीने निरोप खरे होते. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये गेले. परंतु श्रीलंकेतील एका संस्थेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले. संस्थेच्या नावातील 'फाउंडेशन' या शब्दाचे वर्णलेखन चोरट्यांनी चुकविले होते. मधल्या बँकेतल्या कोणा माणसाने नाव वाचले, त्याला शंका आली आणि त्याने विचारणा केली. शुद्धलेखनाच्या आग्रहापायी ज्या शिक्षकांनी जन्मभर विद्यार्थ्यांचा रोष ओढवून घेतला, त्यांना या घटनेने थोडे समाधान लाभावे.

आपल्याकडेही नाव हळूहळू परत आले. २०१० मध्ये आयएमपीएस आणि २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. यूपीआयमध्ये पैसे देण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसते. भाजीवालीला वीस रुपये देताना नाव दिसावे आणि घराच्या खरेदीचे वीस लाख आरटीजीएसने पाठविताना दिसू नये, अशी विचित्र स्थिती मात्र काही वर्षे राहिली. अखेर ३० डिसेंबर २०२४ च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने सर्व संबंधित बँकांना सांगितले की १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस आणि एनईएफटी करणाऱ्यांनाही लाभार्थीचे बँकेत नोंदलेले नाव पाहण्याची सोय, शुल्क न आकारता, द्यावी. खातेक्रमांक आणि आयएफएससी भरला की नाव समोर येते. ते वाचून पुढे जावयाचे की थांबावयाचे, हे आपण ठरवावयाचे. बँकेच्या शाखेत जाऊन पैसे पाठविणाऱ्यांनाही ही सोय आहे.

७. समारोप

या साऱ्या इतिहासातून मला जे दिसते ते असे. नाव माणसाला ओळखते, पण ते बिघडते, आणि ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्यांना ते आत घेत नाही. आकडा सर्वांना समान वागवितो, पण चुकलेला आकडा आपण चुकलो आहोत हे सांगत नाही. म्हणून सराफाने रकमेशेजारी निमे लिहिले, वेलणकरांनी गावाशेजारी पिनकोड ठेवला आणि आज खातेक्रमांकाशेजारी पुन्हा नाव आले. एकाने दुसऱ्याचा पडताळा पाहावा, यातच शहाणपण आहे.

तथापि पडद्यावर दिसणारे नाव म्हणजे शाह नव्हे. ते नाव खात्याचे आहे एवढेच यंत्र सांगते. तो माणूस प्रामाणिक आहे याची हमी कोणी देत नाही. लबाडाच्या खात्यालाही नाव असतेच. शाहजोग हुंडीने ओळख आणि जबाबदारी एकाच गाठीत बांधली होती. नव्या व्यवस्थेने ओळख परत आणली, जबाबदारीची गाठ मात्र अद्याप पुरती बांधावयाची आहे. ही मागणी आपण सुशिक्षित नागरिकांनी करीत राहिली पाहिजे, कारण तिची झळ सर्वाधिक बसते ती वृद्धांना आणि नव्याने खाते उघडलेल्या गरिबांना.

आणि एक मागणे या शाळेकडे. पूर्वी मराठी शाळांतून मुलांकडून मोडीचे वळण गिरवून घेत, कारण व्यवहाराची लिपी ती होती. आज व्यवहाराची लिपी अकरा अक्षरांची आहे. आठवी-नववीच्या मुलांना पासबुकाचे पहिले पान वाचावयास शिकवावे. त्यातला बँकेचा भाग कोणता, शाखेचा कोणता, शून्य कोठे, हे त्यांनी समजून घ्यावे, आणि घरी आजी-आजोबा पैसे पाठवीत असतील तेव्हा शेजारी बसून पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचून दाखवावे. मोठी रक्कम असेल तर आधी शंभर रुपये पाठवून ते पोहोचल्याची खात्री फोनवर करून घ्यावी, असेही सांगावे. पोस्टमन दारात येऊन जे नाव उच्चारीत असे, ते आता घरातल्या मुलाने उच्चारावे. गणित शिकविणाऱ्या आपल्या गुरुजींना हा स्वाध्याय पसंत पडला असता, असे मला वाटते.